संतोषबाई, मासे आणि पाऱ्याची नळी

जालन्याच्या मोंढ्याजवळ गौतमचंद शेठांची कापसाची पेढी होती आणि पेढीच्या मागे त्यांचं राहतं घर. त्या घरात कोणतीही वस्तू शेठांच्या पत्नी संतोषबाईंच्या तपासणीतून सुटून आत जात नसे. गवळ्याच्या दुधाचा थेंब त्या नखावर घेऊन बघायच्या. तुपाच्या बरणीला बाहेरून कोळशाची बारीक रेघ मारून ठेवायच्या आणि स्वयंपाक आटोपला की रेघ आणि तूप यांचा मेळ घ्यायच्या. मडकं विकत घ्यायचं तर बोटाच्या पेरानं चहूबाजूंनी ठोकून, कान लावून. डाळीत खडा निघाला तर खडा कसा आला हा प्रश्न त्यांना पडत नसे. कुणी घातला, हा पडे.

लग्न होऊन त्या मारवाडातल्या नागोरकडून इकडे आल्या तेव्हा अगदीच लहान होत्या. आल्या आल्या सासरी एक सोन्याचा दागिना हरवला आणि सगळ्या घरानं नव्या सुनेकडे बघितलं. त्यांची पेटी भर चौकात उपडी केली गेली. पुढे तो दागिना गोठ्यात, गव्हाणीत सापडला. पण पेटी परत भरायला कुणी आलं नाही. प्रेमबाई, म्हणजे संतोषबाईंची सून, मला म्हणायच्या, "आपल्यावर कुणी संशय घेण्याआधी आपण घ्यायचा, हे सासूजी त्या दिवशी शिकल्या."

प्रेमबाईंकडूनच मी ही हकीकत ऐकली. आम्ही त्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचो आणि तेव्हा त्या पुष्कळ म्हाताऱ्या झाल्या होत्या. घरात ते लोक मारवाडी बोलत. मी आपल्या बोलीत सांगते.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून काही वर्षं होती. गावातल्या कापसाच्या गाठी बांधणाऱ्या एका प्रेसमधला गोरा इंजिनिअर नोकरी सोडून विलायतेला निघाला आणि त्याच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं. गौतमचंदांनी मेज, खुर्च्या आणि एक आरशाचं कपाट असा एकगठ्ठा सौदा केला. गाडीत सामान भरताना लक्षात आलं, की सौद्यात एक काचेचा हौदही आहे. लोखंडी चौकटीचा, तळाला काळ्या दगडाची फरशी, आणि आत पाण्यात फिरणारे बोटाएवढे मासे; काही निळसर, काही केशरी, अंगावर तिरप्या पट्ट्या असलेले.

शेठ साहेबाच्या खानसाम्याला म्हणाले, "हौद राहू दे. मासे काढून घे."

"काढून कुठं टाकू, हुजूर?"

"कुठं म्हणजे?"

खानसामा हसला. "मंग कढईतच जातील."

गौतमचंद जैन. मुंगीच्या वारुळाला साखर घालणारा माणूस. त्यांनी निमूटपणे हौद माशांसकट गाडीत चढवायला लावला. खानसाम्यानं जाता जाता सांगितलं, की हे गरम मुलखातले मासे आहेत. पारा सत्तर फॅरनहाइटच्या खाली गेला की हे गारठून मरतात. म्हणून साहेब थंडीत हौदाच्या तळाखाली कंदील ठेवायचा आणि पाण्यात लावलेली पाऱ्याची नळी बघून वात कमीजास्त करायचा. उन्हाळ्यात उलटं, काचेवर ओली फडकी. सगळा खेळ त्या नळीवर होता, आणि गाडी घराच्या दारात पोचेपर्यंत दगडांत आदळून ती नळी फुटली होती.

मासे घरात आले आणि घराला घोर लागला. जैन साधू उतरतात त्या स्थानकात जाऊन शेठांनी महाराजांना विचारलं. महाराज म्हणाले, आणायलाच नको होते. पण आता तुमच्या दारात आलेले जीव आहेत, सांभाळा. म्हणजे एखादा मासा मेला तर ते पाप घरावर. कंदिलावर किडे येऊन मरू नयेत म्हणून त्याला बारीक जाळी बसवली. साहेब माशांना किडे घालायचा म्हणे. इथं ते शक्यच नव्हतं. कणकेच्या मोहरीएवढ्या गोळ्या वळून घालायचं काम प्रेमबाईंकडे आलं, कंदिलाचंही त्यांच्याकडेच. पाणी आणायचं, हौदाची काच पुसायचं काम नंदाबाईकडे. नंदाबाई वडीगोद्रीकडची; नवऱ्यासोबत पोट भरायला जालन्याला आली होती आणि कुंडलिकेच्या पलीकडे राहायची.

नवी नळी गौतमचंदांनी राजूरला घेतली. कापसाच्या सौद्यासाठी तिकडे गेले होते. चतुर्थीची गर्दी होती, आणि गणपतीच्या देवळाबाहेर एक फिरता विक्रेता चष्मे, कंपास, कात्र्या असा माल मांडून बसला होता. त्याच्याकडे ही नळी मिळाली. जाडसर काचेची, आत एक बारीक नळी, तिच्यामागे आकडे छापलेली कागदाची पट्टी.

संतोषबाईंनी ती हातात घेतली आणि म्हणाल्या, "फिरत्या माणसाकडून? उद्या हा कुठं सापडणार?"

मग त्यांनी नळीची परीक्षा घेतली. उन्हात धरली, पारा चढला. माठाच्या पाण्यात बुडवली, उतरला. काखेत धरली, परत चढला. त्यांचं समाधान झालं, आणि एकदा झालं ते पुरतंच झालं. जन्मभर त्यांना माणसांचीच शंका आली होती. "माणसाला खोटं बोलायला कारण असतं," त्या म्हणाल्या. "हिला कसलं कारण?"

तरी सवय जाईना. रोज सकाळी त्या नळी पाण्यातून काढायच्या, पदरानं पुसायच्या आणि हौदाच्या लोखंडी कडेवर उभी धरून टक् टक् आपटायच्या. पारा मध्येच अडकून बसला असेल तर मोकळा व्हावा म्हणून. मग परत पाण्यात सोडून, जरा थांबून आकडा बघायच्या. आकडा त्यांना ओळखता यायचा. तो पंचाहत्तरच्या वर दिसला की प्रेमबाईंना सांगायच्या, "वात खाली कर. उगाच उकडून मारशील."

पौषात थंडी पडली आणि मासे मरायला लागले.

पहिला मासा सकाळी पाण्यावर आडवा तरंगत होता. शेठांनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही. नंतर आणखी एक गेला. उरलेले तळाशी, कंदिलाच्या बाजूला दाटीवाटीनं उभे राहायचे, पंख मिटून. काहींच्या अंगावर मिठाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके दिसू लागले. नळी मात्र म्हणत होती, पाणी छान उबदार आहे.

मग एक दिवस एक केशरी मासा दिसेनासाच झाला. मेलेला नाही, आजारी नाही, हौदातच नाही. हौदावर झाकण म्हणून घातलेली तारेची जाळी एका कोपऱ्यात सरकलेली होती.

संतोषबाईंनी नंदाबाईला बोलावलं.

"जाळी कुणी सरकवली?"

"पाणी वतताना सरकली आसंल, शेठाणीबाई. मी परत लावली व्हती."

"आणि मासा?"

"मला काय म्हाईत?"

संतोषबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तुमच्यात मासे खातात."

नंदाबाईला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिच्या हातातली घागर तिनं खाली ठेवली. "एवढ्या बोटाएवढ्या मासळीसाठी मी चोरी करीन? नदीला काय मासळी न्हाई?"

"नदीतली धरावी लागते."

"बाई, आसं बोलू नका. लेकरंबाळं हायेत मला."

"आणि पाणी? रोज काय मिसळून आणतेस पाण्यात? नळी बराबर असताना मासे मरतात कशानं?"

नंदाबाईनं डोक्यावरची चुंबळ काढली, झटकली, काखेत घेतली आणि मागच्या दारानं निघून गेली. तिला थांबवायला कुणी गेलं नाही. प्रेमबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मला सांगताना त्या म्हणाल्या, "मी बोलायला हवं होतं. पण नंदा गेली की संशय माझ्यावर येणार, हे मला तेव्हाच दिसलं, आणि भीतीनं माझी जीभ उचलेना."

आणि तसंच झालं. नंदाबाई गेली तरी मासे मरतच राहिले. आता पाणी घरचा गडी कचरू आणत होता, आणि ते आणताना संतोषबाई स्वतः विहिरीवर उभ्या राहत होत्या. म्हणजे पाण्यात खोट नव्हती. उरली ती कंदील सांभाळणारी सून. प्रेमबाई हौदाजवळ गेल्या की संतोषबाई माळ घेऊन समोर बसायच्या. ओठ हलायचे, डोळे सुनेच्या हातावर.

प्रेमबाईंना एक गोष्ट खटकत होती. सकाळी पाण्यात हात घातला की बोटं बधिर व्हायची. एकदा त्यांनी धीर करून म्हटलंही, "सासूजी, पाणी फार गार लागतं."

"नळी बघ. काय म्हणते?"

"उबदार म्हणते. पण हाताला..."

"हात तुझा आहे," संतोषबाई म्हणाल्या.

संक्रांतीला प्रेमबाईंचा भाऊ औरंगाबादहून भेटायला आला. जाताना प्रेमबाईंनी त्याला हळूच सांगितलं, की तिकडे कुणाकडे पाण्यात बुडवायची पाऱ्याची नळी मिळाली तर पाठव, आणि इथं कुणाला बोलू नकोस. त्यानं येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर ती पाठवली, खणात गुंडाळून. प्रेमबाईंनी ती आपल्या पेटीत, लुगड्यांच्या घडीत ठेवली. सकाळी सासूबाई स्थानकात सामायिकाला, म्हणजे जपध्यानाला, गेल्या की त्या नळी काढायच्या, हौदात बुडवायच्या आणि आकडा बघायच्या. त्यांच्या भावानं त्यांना आकडे शिकवले होते. दोन नळ्या शेजारीशेजारी, एकाच पाण्यात, आणि दोघींचे आकडे वेगळे! घरची म्हणायची पंचाहत्तर. औरंगाबादची साठाच्या थोडी पुढे जाऊन थांबायची.

पण खरी कोणती? हे त्यांनाही सांगता येईना. आपली खरी म्हणावी, तर ती तरी कुठं कुणी तपासलेली? आणि समजा सांगितलं, तर पहिला प्रश्न हाच येणार, की ही आणलीस कशाला, आणि लपवलीस कशाला? म्हणून त्या गप्प राहिल्या. गुपचूप वात थोडी वाढवायच्या. संतोषबाई आल्या की नळी बघून ती परत खाली करायला लावायच्या.

अशात एक दिवस संतोषबाई स्थानकातून अर्ध्या वाटेवरून परत आल्या. विसरलेलं पुंजणं, म्हणजे जमीन झाडायचा लोकरी कुंचा, घ्यायला, असं त्या म्हणाल्या. खरंखोटं त्यांनाच माहीत. सून हौदावर वाकलेली आणि हातात काहीतरी चमकतंय. पायरव ऐकून प्रेमबाईंनी हात पदराखाली घेतला.

"काय आहे?"

"काही नाही."

"पदर बाजूला कर."

नळी निघाली. संतोषबाईंनी ती उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा बदलला. पारा म्हणजे विष, हे त्यांना लहानपणापासून माहीत. पोटात गेला तर माणूस वाचत नाही, असं त्यांच्या माहेरी सांगत. सून ज्या हातानं पोळ्या लाटते त्याच हातात लपवलेला पारा! गेले कित्येक दिवस त्यांना जेवणानंतर मळमळत होतं. ते त्यांना त्या क्षणी आठवलं.

"हे माझ्यासाठी आणलंस?"

प्रेमबाईंना आधी अर्थच लागेना. लागला तेव्हा त्यांनी हौदातल्या घरच्या नळीकडे बोट दाखवलं.

शेठांना पेढीवरून बोलावलं गेलं. मुलगा सिकंदराबादच्या पेढीवर होता. तो असता तर निदान बायकोची बाजू ऐकणारं एक माणूस तरी असतं. गौतमचंद बाहेरच्या खोलीत गादीवर बसले. आता पंचाईत अशी, की त्या घरात सून सासऱ्यासमोर येत नसे आणि त्यांच्याशी बोलतही नसे. तिला काही सांगायचं असलं तर तिनं दाराआडून सासूच्या कानात सांगायचं आणि सासूनं ते मोठ्यानं बोलायचं. आरोप करणारीनंच आरोपीची जबानी द्यायची होती.

"विचार तिला," शेठ म्हणाले, "ही नळी कशाला आणली."

प्रेमबाई घुंगटाआडून सासूच्या कानाशी लागल्या. बोलताना त्यांना एकच भीती होती: या बाई मधले शब्द गाळतील का? एखादा आपल्या पदरचा घालतील का?

संतोषबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग सरळ समोर बघत म्हणाल्या, "ती म्हणते, पाणी हाताला गार लागत होतं. नळी ऊब दाखवत होती. म्हणून तिनं दुसरी मागवली."

"लपवली का?"

परत कुजबुज. संतोषबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. मग त्या बोलल्या. "ती म्हणते, लपवली नसती तर सासूजींनी पाण्यात बुडवू दिली नसती."

प्रेमबाई म्हणायच्या, "एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही त्यांनी. स्वतःच्या विरुद्ध जाणारं वाक्यसुद्धा जसंच्या तसं सांगितलं. त्या बाईनं मला विष देणारी ठरवलं होतं, आणि तरी माझं बोलणं चोख पोचवलं."

शेठांनी दोन्ही नळ्या मागवल्या, एका लोट्यात पाणी घेऊन त्यात दोन्ही उभ्या केल्या आणि बराच वेळ बघत बसले. शेवटी म्हणाले, "दोघी दोन गोष्टी सांगतात. एक तर खोटी आहेच. कदाचित दोन्ही असतील."

हे ऐकून संतोषबाईंच्या मनात काहीतरी सरकलं असावं. नळीही खोटी असू शकते! ज्या एका गोष्टीवर त्यांनी डोळे मिटून भरवसा टाकला होता तीच. आणि एकदा त्यांना संशय आला म्हणजे तो अर्धवट राहायचा नाही.

"गावात या नळ्या कुणाकडे मिळतात?" त्यांनी विचारलं.

काकासाहेबांकडे. काकासाहेब अंबडकडच्या एका जमीनदार शेतकरी घरातले. भावांनी शेती धरली, यांनी जालन्यात औषधांचं दुकान टाकलं. संतोषबाई बाजारात जात नसत, म्हणून काकासाहेबच नळ्यांची पेटी घेऊन घरी आले. पण त्यांना बसायला सांगण्याआधी संतोषबाईंनी कचरूला स्टेशनवर पाठवलं होतं. तिथल्या सोडावॉटरवाल्याकडे मनमाडकडून भुशात गुंडाळून बर्फ यायचा. बर्फाचं हे कुणी शिकवलं, तर प्रेमबाईंच्या औरंगाबादच्या भावानं. नळी पाठवताना त्यानं निरोप दिला होता, की वितळत्या बर्फात घालून बघा, पारा बत्तीसवर आला पाहिजे. प्रेमबाईंनी तो निरोप आधीच सासूच्या कानात सांगितला होता. बर्फ त्या घरात कधी आलेला नव्हता. त्यात असंख्य जीव असतात असं ते मानत. संतोषबाईंनी हात जोडून मनात काहीतरी म्हटलं आणि बर्फ परातीत फोडायला लावला.

काकासाहेब पेटी उघडत म्हणाले, "शेठाणीबाई, ही घ्या. एकदम बराबर. हैदराबादहून मागवली."

"सगळ्या काढा."

"सगळ्या कशाला? मी सांगून राह्यलो ना, ही चांगली हाय."

"तुम्ही विकणारे. तुम्ही चांगलीच म्हणणार. सगळ्या काढा."

काकासाहेबांना ते लागलं. पण समोर शेठ बसले होते, म्हणून त्यांनी पेटीतल्या सगळ्या नळ्या ओळीनं मांडल्या. संतोषबाईंनी त्या आधी एका बादलीत, साध्या पाण्यात उभ्या केल्या. ज्या एकदोन इतरांपासून फटकून आकडा दाखवत होत्या त्या बाजूला काढल्या. त्यातली एक नेमकी काकासाहेबांनी पुढे केलेली होती. काकासाहेब खाली बघू लागले.

"पहिल्या साक्षीला पडली," शेठ म्हणाले.

मग बर्फ. उरलेल्या नळ्या वितळत्या बर्फात खोचल्या. एक छत्तीसवर अडली, तीही गेली. त्यानंतर संतोषबाईंना उकळतं पाणी हवं होतं. काकासाहेब घाईनं म्हणाले, "न्हाई न्हाई, फुटतील! यांचा आकडाच एकशेवीसपर्यंत हाय. वरची बाजू बघायची तर ताप बघायची नळी वापरा. कोमट पाणी घ्या, दोन्ही संगंच बुडवा, मंग जुळवा."

त्यांनी आपल्या खिशातली डॉक्टरी नळी दिली. ती बाहेर काढली तरी तिचा पारा उतरेना, तेव्हा संतोषबाईंना परत शंका आली. "ही अडकली आहे. ही कशी चालेल?"

"आडकलेली न्हाई. ती तशीच असती. ताप किती चढल्ता ते कळावं म्हणून. झटकली का उतरती."

काकासाहेबांनी झटकून दाखवलं. संतोषबाईंनी स्वतः झटकून बघितलं, मग पुढे गेल्या. कोमट पाण्यात दोन नळ्या डॉक्टरी नळीशी जुळल्या. त्या दोघींतली एक कागदाच्या पट्टीची होती. दुसरीचे आकडे काचेवरच कोरलेले होते. ही दुसरी दिसायला साधी होती, आणि पाण्यातून तिचे आकडे नीट वाचताही येत नव्हते.

"आता या दोन जुन्या," शेठ म्हणाले.

औरंगाबादची नळी बर्फात बत्तीसच्या जवळजवळ आली. राजूरची बेचाळीसच्याही वर थांबली आणि तिथून हलेना.

दहा अंश. म्हणजे नळी पंचाहत्तर म्हणायची तेव्हा पाणी पासष्टसुद्धा नसायचं. आणि ते बघून वात खाली करायला कोण सांगत होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

काकासाहेबांनी ती नळी डोळ्यांजवळ धरली. "पारा बराबर हाय. ह्याच्यातला कागद खाली सरकला. वर बघा, जागा मोकळी झाली. कागद खाली गेला का आकडा जास्त दिसतो. नवी असताना ठीक असंल. कुणी आपटली का ही? उभी धरून?"

शेठांनी बायकोकडे बघितलं नाही. त्यांना सकाळचा तो आवाज पेढीत ऐकू येत नसे. कचरूनं परातीतल्या बर्फाकडे बघितलं. घुंगटाआड प्रेमबाई उभ्या होत्या. रोज सकाळचं ते टक् टक् त्यांनी शंभरदा ऐकलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत.

काकासाहेब म्हणाले, "न्हाई तर गाडीत हादरली आसंल."

"असेल," शेठ म्हणाले.

काचेवर आकडे कोरलेली नळी ठेवून घेतली. जाताना काकासाहेब म्हणाले, "शेठाणीबाई, आता माझी उरलेली पेटी तपासून मिळाली. फुकटात!" ते हसले. संतोषबाई हसल्या नाहीत.

संध्याकाळी, सूर्य बुडायच्या आत जेवणं झाल्यावर त्यांनी सुनेला स्वयंपाकघरात गाठलं.

"तू का बोलली नाहीस?"

"काय?"

"तुला माहीत आहे काय ते. मी आपटते ते तू रोज बघतेस. सगळ्यांसमोर सांगायची संधी होती. का सांगितलं नाहीस? मनात काय धरून ठेवलंयस?"

प्रेमबाईंनी भांडी पुसणं थांबवलं नाही. "काही नाही धरलं."

"उद्या मुलगा आला की त्याला सांगशील."

"सांगायचं असतं तर आजच सांगितलं असतं. काकासाहेबांसमोर तुमची मान खाली गेली असती, ती मला बघवली नसती. एवढंच."

संतोषबाई दारात उभ्याच राहिल्या. त्यांना ते खरं वाटेना आणि खोटंही ठरवता येईना. शेवटी म्हणाल्या, "वात तू ठरव आता. मी नाही बघणार." आणि खरोखरच त्यानंतर त्यांनी नळीला हात लावला नाही. पण दिवसभरात कितीदा तरी लांबून, मान तिरकी करून त्या ती वाचायचा प्रयत्न करायच्या.

वात वाढली तसे उरलेले मासे तळ सोडून वर यायला लागले. पांढरे ठिपके हळूहळू गेले. हरवलेला केशरी मासा फाल्गुनात घर झाडताना हौदाशेजारच्या आरशाच्या कपाटामागे सापडला; वाळून चामड्याच्या तुकड्यासारखा झालेला. तो स्वतःच उडी मारून पडला होता. संतोषबाईंनी तो उचलला, बराच वेळ हातात धरला, आणि परसात खड्डा करून पुरला. नंदाबाईचं नाव त्या वेळी कुणी घेतलं नाही.

भाद्रपदात संवत्सरी आली. त्या दिवशी जैन लोक एकमेकांच्या घरी जाऊन वर्षभरात झालेल्या चुकांची क्षमा मागतात. संतोषबाई दरवर्षी सोयऱ्याधायऱ्यांत फिरायच्या. ज्यांच्याशी भांडण झालेलं नसे अशांचीही हात जोडून क्षमा मागायच्या. त्या वर्षी त्यांनी प्रेमबाईंना म्हटलं, "चल." आणि टांगा कुंडलिकेच्या पलीकडे न्यायला सांगितला.

नंदाबाई दारात शेंगा निवडत बसली होती. टांग्यातून उतरणाऱ्या दोघींना बघून ती उठली. तिचा चेहरा पांढरा पडला.

"काय गेलं आता?" ती म्हणाली.

संतोषबाई बोलायला तोंड उघडतात तो ती आत वळली. "या ना. बघा. घर लहान हाय, लई वेळ लागायचा न्हाई." तिनं उतरंडीची मडकी खाली काढून ठेवायला सुरुवात केली. एक, मग दुसरं. पत्र्याची पेटी ओढून पुढे आणली. "घ्या बघून. कायबी न्हाई त्येच्यात."

"नंदाबाई, मी बघायला नाही आले."

"मंग कशाला आलात?"

संतोषबाईंनी हात जोडले. दरवर्षीचे पाठ असलेले शब्द त्यांना आठवेनात. त्या म्हणाल्या, "मासा कपाटामागे सापडला. नळी खोटी होती. ती मीच आपटून खोटी केली. तू काही केलं नव्हतंस."

नंदाबाई हातात मडकं घेऊन तशीच उभी. तिला यात काहीतरी डाव वाटला असावा. ती प्रेमबाईंकडे बघत म्हणाली, "ह्या खरं बोलून राह्यल्या का?"

"खरं," प्रेमबाई म्हणाल्या.

"कामाला ये परत," संतोषबाई म्हणाल्या.

"न्हाई, शेठाणीबाई." ती आवाज न चढवता बोलली. "तुमच्या घरात मला भीती वाटती. काय हरवलं का माझं नाव येतं. मी दुसरीकडं धरलं काम. तिथं कुणी काय म्हणत न्हाई."

संतोषबाईंनी मान हलवली. मग त्यांनी खाली बसून जमिनीवर ठेवलेली मडकी उचलायला घेतली. नंदाबाई "राहू द्या, राहू द्या" म्हणत होती, पण त्यांनी ऐकलं नाही. मोठं खाली, लहान वर, अशी सगळी उतरंड त्यांनी आपल्या हातानं परत रचली. पेटी ढकलून जागेवर लावली. एवढं झाल्यावर हात झटकून त्या बाहेर आल्या आणि टांग्यात बसल्या.

पुढच्या वैशाखात हौदाच्या एका कोपऱ्यात, पाण्यावर फेसाचा एक पुंजका दिसू लागला. निळसर मासा त्याच्याखाली पहारा करत होता. एका सकाळी प्रेमबाईंना सासूची हाक ऐकू आली. "प्रेम! पाण्यात कुणीतरी काहीतरी टाकलंय!"

बघतात तो केसाएवढी, डोळ्यांचे ठिपके असलेली शेकडो पिल्लं. संतोषबाईंचा चेहरा आधी नेहमीसारखा आवळला होता. मग तो सैल झाला आणि त्या तोंडावर पदर घेऊन हसायला लागल्या. प्रेमबाईंनी त्यांना तसं हसताना पहिल्यांदा बघितलं.

पण हसून भागणार नव्हतं. मोठे मासे पिल्लांना गिळतात, हे दोन दिवसांत दिसलं. म्हणजे परत पाप. संतोषबाईंनी लोणच्याच्या चिनी मातीच्या सगळ्या बरण्या रिकाम्या केल्या, घासून घेतल्या आणि पिल्लं वाटीवाटीनं काढून त्यांत सोडली. ओसरीवर बरण्यांची रांग लागली. प्रेमबाई एकच नळी घेऊन बरणीबरणीतून फिरायच्या.

गावात बातमी पसरली. लोक बघायला येऊ लागले. एका दुपारी नंदाबाईही आली, धाकट्या मुलीला कडेवर घेऊन. दाराच्या बाहेरच उभी राहिली.

"ऐकलं, पिल्लं झाली म्हणून," ती म्हणाली. "पोरीला दाखवायची व्हती."

"आत ये," संतोषबाई म्हणाल्या.

नंदाबाई आत आली, पण बसली नाही. मुलीला खाली उतरवून तिनं तिचा हात घट्ट धरून ठेवला, कशाला लागू नये म्हणून. मुलगी बरणीत डोकावली आणि बोट पाण्यात घालायला गेली. नंदाबाईनं तिला मागे ओढलं.

"घालू दे," संतोषबाई म्हणाल्या. "पाणी ऊन आहे. काही होत नाही."